एचआयव्ही आणि नवं फुप्फुस : बंद दार कसं उघडलं

आपल्या रोहिणखेडच्या बचत गटात मागे एक प्रश्न निघाला होता : एचआयव्ही असलेल्या माणसाला दुसऱ्याचं फुप्फुस बसवता येतं का? येतं. पण हे दार बरीच वर्षं बंद होतं. ते कसं उघडलं, तो इतिहास आज आम्ही सांगतो.

माणसाचं फुप्फुस माणसाला पहिल्यांदा बसवलं १९६३ साली, अमेरिकेत. रुग्ण अठरा दिवस जगला. वर्षानुवर्षं टिकणारं यश आलं १९८३ साली, कॅनडातल्या टोरांटोत. आपलं शरीर परका अवयव स्वीकारत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. एचआयव्ही तर तीच शक्ती पोखरतो. म्हणून डॉक्टर अशा माणसाला नकार देत.

आपल्या देशात एचआयव्ही सापडला १९८६ साली, चेन्नईत. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, तिथल्याच मराठी घरातल्या. लोक रुग्णांना शिवायलाही भीत होते, तेव्हा, १९९३ साली, त्यांनी या रुग्णांसाठी केंद्र उघडलं.

१९९६च्या सुमारास औषधं एकत्र देण्याचा उपचार आला. विषाणू दबला, माणसं जगू लागली. मग २००७ साली इटलीतल्या पालेर्मो शहरात एका एचआयव्हीबाधित रुग्णाला दोन्ही फुप्फुसं बसवली. एचआयव्हीची काही औषधं अवयव टिकवणाऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, म्हणून डॉक्टर रक्त तपासून मात्रा जुळवतात.

बायांनो, फुप्फुस बदलणं ही शेवटची पायरी, खर्चही लाखांत. आपल्या हातात आहे पहिली पायरी. १ एप्रिल २००४ पासून सरकार एआरटीची औषधं मोफत देतं. गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यायची. एचआयव्ही असलेल्यांना टीबी लवकर गाठतो. त्यांना खोकला, ताप आला किंवा वजन घटू लागलं, तर थांबायचं नाही, लगेच तपासणी करायची.

एचआयव्हीबाधितांशी दवाखान्यात, नोकरीत, शाळेत भेदभाव करायला कायद्यानं मनाई आहे. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

पण घरात कायदा येऊन बसत नाही. नवरा गेल्यावर जिचा चहाचा कप वेगळा ठेवला जातो, अशी एखादी बहीण आपल्या ओळखीत असेल. कपानं एचआयव्ही पसरत नाही. डॉक्टरांनी त्यांचं दार उघडलं. आता तिचा कप आपल्या कपांत ठेवू या.