दोन मतं, एक मतदार : १९५२ची उत्तर मुंबई

मागच्या वेळी आपण १९३२च्या पुणे करारापाशी थांबलो होतो. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या, इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पण संयुक्त मतदारसंघात प्रत्यक्ष मत टाकायचं कसं? एका मतदाराच्या हातात मतं किती, आणि ती द्यायची कुणाकुणाला? हा भाग आपल्याकडच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकतात. आज आपण त्या एका ओळीसाठी तासभर देणार आहोत. १९५२ साली उत्तर मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची निवडणूक हरले. ते का हरले, याचा बराचसा उलगडा त्या ओळीत आहे, असं आमचं मत आहे.

प्रश्न तसा साधा आहे. युतीचे दोन उमेदवार उभे आहेत आणि मतदाराकडे दोन मतं आहेत. दोन्ही युतीलाच द्यायची, की एक इकडे आणि एक तिकडे? की एकच द्यायचं आणि दुसरं वाया घालवायचं? अमेरिकेत काही राज्यांत आजही मतपत्रिकेवर पक्षाच्या नावापुढे एकच खूण केली की वरपासून खालपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. आपल्याकडे तशी सोय कधीच नव्हती. इथे प्रत्येक मत वेगळं टाकावं लागायचं, म्हणजे प्रत्येक मताला मतदाराचा हात थोडा थबकायचा. त्या थबकण्यात काय काय घडतं, ते बघू.

आधी १९३७कडे जाऊ. १९३५च्या कायद्याखाली मुंबई प्रांतात जी निवडणूक झाली, तिच्यात राखीव जागा असलेले मतदारसंघ एकाहून अधिक जागांचे होते. जागा जितक्या, तितकी मतं. समजा जागा तीन, तर मतं तीन. आणि महत्त्वाचं म्हणजे ती तिन्ही मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. याचा अर्थ काय होतो बघा. अस्पृश्य समाज मतदारसंघात थोडा असला, तरी त्याने आपली सगळी मतं एकाच माणसामागे उभी केली तर तो माणूस निवडून येऊ शकत होता. बाकीच्यांच्या मर्जीवर सगळं अवलंबून राहत नव्हतं. पुणे कराराने जे गेलं, त्यातलं थोडंसं या पद्धतीने परत मिळवता येत होतं. स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार त्या वेळी निवडून आले. स्वतः बाबासाहेब मुंबईतून निवडून आले, आणि त्यांच्या विरोधात काँग्रेसने उभं केलं होतं क्रिकेटपटू पी. बाळू यांना, म्हणजे बाळू पळवणकरांना. तो सामना स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज तो राहू दे. १९४६ साली मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात यश मिळालं नाही. तेव्हा सगळं पद्धतीनेच ठरतं असा आमचा दावा नाही. पण पद्धत कुणाच्या हातात किती बळ देते, हे विसरून चालत नाही.

आता १९५२. पहिल्या लोकसभेला ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ होते ४०१. त्यांपैकी ३१४ एका जागेचे, ८६ दोन जागांचे, आणि एक, उत्तर बंगालमधला, तीन जागांचा. दोन जागांच्या मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. पण १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एक अट घातली : एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त मत देता येणार नाही. १९३७ची मुभा गेली. हे विधेयक संसदेत मांडून पुढे नेणारे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर. इतिहासात अशा जागा येतात, त्यांवर फार टिप्पणी करू नये, नुसती नोंद करावी.

आणखी एक नियम नीट समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं गणित कळणार नाही. दोन्ही जागांचे उमेदवार एकाच यादीत असत. मतं मोजून झाली की आधी राखीव जागा भरायची : अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो तिथे निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत, राखीव असो वा नसो, ज्याला सर्वाधिक मतं तो सर्वसाधारण जागेवर. म्हणजे अनुसूचित जातीचे दोन उमेदवार सर्वांत वर आले तर दोघंही निवडून येणार. नियमाने हे शक्य होतं, आणि १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये याच्याच जोडीचा प्रकार घडला. तिथे राखीव जागा अनुसूचित जमातींची होती, पण दोन्ही जागांवर त्याच समाजाचे उमेदवार आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी निकाल बदलला नाही.

मतदान कसं होई? उमेदवारांची नावं छापलेली मतपत्रिका त्या वेळी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका घ्यायची, पडद्यामागे जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का नाही, खूण नाही. दोन जागांच्या मतदारसंघात अशा दोन मतपत्रिका, दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक धरायची, दुसरी बाद. अक्षर न वाचणाऱ्या लाखो माणसांनी ही कसरत पहिल्यांदाच केली. त्यातल्या काहींनी १९३७ आणि १९४६ची मतदानं पाहिलेली. तेव्हा सगळी मतं एकाला देणं म्हणजे शहाणपण होतं, आता तेच केलं तर मत फुकट.

उत्तर मुंबई म्हणजे गिरण्यांचा आणि चाळींचा मुलूख. काँग्रेसच्या बैलजोडीवर सर्वसाधारण जागेसाठी विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी नारायण सदोबा काजरोळकर. समोर समाजवादी पक्ष आणि फेडरेशन यांची युती. झाडावर अशोक मेहता, हत्तीवर बाबासाहेब. तिसऱ्या बाजूला विळा-कणसावर कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे. शिवाय इतर काही.

निकाल असा लागला. गांधींना १ लाख ४९ हजारांहून थोडी जास्त मतं. मेहतांना १ लाख ३९ हजारांच्या वर. काजरोळकरांना १,३८,१३७. बाबासाहेबांना १,२३,५७६. डांग्यांना सुमारे ९७ हजार. गांधी आणि काजरोळकर निवडून आले. मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं मिळूनही ते हरले, कारण काजरोळकर राखीव जागेवर होते. बाबासाहेब १४,५६१ मतांनी मागे राहिले.

आता या पराभवाची जी गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते, ती म्हणजे मतं कुजवल्याची. ‘कुजवणे’ हा शब्द त्या निवडणुकीने मराठी राजकारणात पक्का केला असं म्हणायला हरकत नाही. बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. त्यात म्हटलं होतं की ७४,३३३ मतं बाद ठरली आहेत, आणि डांग्यांच्या बाजूने दुसरं मत वाया घालवा असा प्रचार झाला. अर्जाने निकाल बदलला नाही. पण आकडा लोकांच्या मनात राहिला, आणि तो राहण्यासारखाच आहे. बाद मतांपैकी पाचांतलं एक जरी बाबासाहेबांच्या पेटीत पडलं असतं, तरी चित्र पालटलं असतं.

या आकड्याकडे आपण थोडं सावधपणे बघू या. डांगे एकटे उभे होते, त्यांच्या जोडीला राखीव जागेचा उमेदवार नव्हता. त्यांच्या मतदाराने दुसरं मत मेहतांना किंवा गांधींना दिलं, तर ते थेट डांग्यांच्या विरोधात जाणार. बाबासाहेबांना दिलं तर? नुकताच सांगितलेला नियम आठवा. राखीव उमेदवार सर्वसाधारण जागेवरही दावा सांगू शकत होता. म्हणजे तेही मत डांग्यांना पूर्ण निर्धोक नव्हतं. एकांड्या उमेदवाराच्या दृष्टीने दुसरं मत न देणं हाच हिशेब बसतो. हिशेब बसतो म्हणून तो योग्य ठरत नाही, एवढं मात्र स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्याच वेळी, ७४ हजारांत सगळेच डांग्यांचे मतदार असतील असं धरता येत नाही. आमचा अंदाज असा की हत्तीच्या पेटीतही जोडमतं पडली असणार. बाबासाहेबांवरच्या श्रद्धेपोटी दोन्ही मतपत्रिका त्याच पेटीत टाकणारा माणूस आपल्याला कल्पनेत सहज दिसतो.

पण आम्हांला जास्त बोलका वाटतो तो दुसराच आकडा. बाद मतं क्षणभर बाजूला ठेवा आणि जोड्या बघा. मेहता आणि बाबासाहेब एका युतीत, एका व्यासपीठावर, तरी दोघांत १६ हजारांचा फरक. म्हणजे किमान तेवढ्या माणसांनी मेहतांना मत दिलं आणि बाबासाहेबांना दिलं नाही. काँग्रेसकडे बघा. गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११ हजारांचा फरक. तिथेही राखीव जागेचा उमेदवारच मागे. मतदार पक्षनिष्ठ असोत वा नसोत, दोन्हीकडे मत फुटलं ते एकाच दिशेने. ज्याने पहिलं मत सवर्ण उमेदवाराला दिलं, त्याचा हात दुसऱ्या पेटीपाशी थबकला. गुप्त मतदानात कुणाच्या मनात काय होतं हे आकड्यांवरून सिद्ध होत नाही, मान्य. फेडरेशनच्या मतदारांनीही मेहतांना सरसकट दिलं असेल असं नाही. पण दोन विरोधी पक्षांत एकाच बाजूला पडलेली ही तफावत योगायोग म्हणून सोडून देणं आम्हांला जमत नाही. संपूर्ण दोष डांग्यांच्या माथी मारला की या २७ हजारांची चर्चा टळते, आणि ती टळावी असं वाटणारे सगळ्याच पक्षांत होते.

भंडाऱ्यात दोन वर्षांनी हेच पुन्हा झालं. १९५४च्या मे महिन्यात पोटनिवडणूक, मतदारसंघ पुन्हा दोन जागांचा, जोडीला पुन्हा अशोक मेहता. या वेळी मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी हरले. एकाच युतीतला एक जिंकला, एक हरला. जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत असं येतं की फेडरेशनच्या काही मंडळींनी आधीच सुचवलं होतं : बाबासाहेबांना एक मत द्या, दुसरं कुजवा. बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं. ज्याने राज्यघटना घडवली त्याने मतदाराला मत फुकट घालवायला कसं सांगायचं, असा त्या नकाराचा सूर सांगितला जातो. फायद्यातोट्याचं गणित बघितलं तर कार्यकर्ते अगदीच चुकत नव्हते. फेडरेशनचा मतदार दुसरं मत मेहतांना देत होता, आणि उलट्या बाजूने तितकं येत नव्हतं. हे बाबासाहेबांना कळत नव्हतं असं कुणी समजू नये. उत्तर मुंबईनंतर कळलं नसेल, तर कधी कळणार? तरीही त्यांनी पूर्ण मत द्या असंच सांगितलं, आणि किंमत मोजली.

याच्या पुढची पायरी मात्र फारशी सांगितली जात नाही. १९५७. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ला झालं होतं. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप आणि फेडरेशन एकत्र आले. मध्य मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ, गिरणगावातलाच. तिथे समितीचे उमेदवार कोण? सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे जी. के. माने. दोघंही निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मतं कुजवल्याचा आरोप होता, त्यांच्या पेटीत आता फेडरेशनची मतं पडत होती आणि त्यांची मतं फेडरेशनच्या पेटीत. मतदार तेच, गिरण्या त्याच, कायदाही तोच. बदललं होतं ते एवढंच की ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ही मागणी दोन्ही मतांना पुरेल इतकी मोठी झाली होती. दुसऱ्या मताचा हात थबकायला कारण उरलं नव्हतं, निदान त्या एका निवडणुकीपुरतं.

१९६१ साली संसदेने कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ रद्द केले. १९६२पासून राखीव मतदारसंघ वेगळे, मतदाराला लोकसभेसाठी एकच मत. पार्वतीपुरमसारख्या निकालांनी सवर्ण पुढाऱ्यांत जी अस्वस्थता आली, तिचा यात वाटा होता असं आम्हांला वाटतं.

महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागांत तुम्ही-आम्ही आज एकाहून अधिक बटणं दाबतो. २०१७ साली मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचे प्रभाग होते, आणि ‘पॅनेल टू पॅनेल मत द्या’ हा प्रचार आपण ऐकला आहे. कुणी विचारतात, हे म्हणजे १९५२च झालं ना? नाही. आज अ, ब, क, ड या जागा वेगवेगळ्या आहेत. राखीव जागेची लढत राखीव उमेदवारांतच होते, आणि एका जागेचं मत दुसऱ्या जागेवर चालून जात नाही. १९५२ला सगळे एकाच ढिगात होते. पण पॅनेलमधला कोणता उमेदवार आपल्याच पॅनेलच्या मागे पडतो, हा तपास प्रभागनिहाय आकडे घेऊन कुणीही करू शकतो. आकडे उपलब्ध असतात. आपल्या प्रभागापासून सुरुवात करा, आणि पुढच्या वेळी घेऊन या. तेव्हा आपण ३ ऑक्टोबर १९५७पासून, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या स्थापनेपासून पुढे जाऊ.