उकिरडा, वतन आणि नगरपंचायत : दिंडोरीच्या कचऱ्याचा कारभार

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीसारख्या शेतीप्रधान गावात पूर्वी कचरा म्हणजे मुख्यतः शेण, राख, पाचोळा आणि गुरांनी टाकलेला चारा असे. तो परसातील उकिरड्यात कुजून पावसाळ्यापूर्वी शेतात जाई, आणि त्यामुळे सरकारला त्यात लक्ष घालण्याचे कारण फारसे पडत नसे. मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम मात्र बलुतेदारीने महार समाजावर जन्माने लादलेले होते, आणि वतनाने, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात मिळणाऱ्या जमिनीने व हक्कांनी, ती सक्ती पिढ्यान्‌पिढ्या पक्की केली. गावाची स्वच्छता ह्या अन्यायावर उभी होती, हे जुन्या ग्रामव्यवस्थेचा गौरव करताना विसरता येत नाही. हे काम सोडून देण्याचे आवाहन डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये महाडच्या परिषदेत केले.

इंग्रजी अमलात 1889 चा मुंबई ग्राम स्वच्छता कायदा आला, तरी कारभाराचे खरे वळण 1958 चे आहे. त्या एकाच वर्षाच्या दोन कायद्यांपैकी एकाने कनिष्ठ गाव वतने रद्द केली, तर दुसऱ्याने, म्हणजे ग्रामपंचायत अधिनियमाने, गावाची साफसफाई पंचायतीच्या कर्तव्यांत घातली. जातीकडून काढलेली जबाबदारी अशा रीतीने लोकांनी निवडलेल्या संस्थेकडे आली. परंतु घरपट्टीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या पंचायतीला ती पेलणे सोपे नव्हते.

2014 मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या मुख्य गावांना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले आणि दिंडोरी नागरी कायद्याखाली आली. तोवर प्लास्टिकने उकिरडा निरुपयोगी केला होता, कारण न कुजणारी वस्तू खतात मिसळली की ते खत शेतकरी घेत नाही. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी म्हणूनच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार घरातच वेगळे करण्याचे बंधन नागरिकांवर घातले, तर संकलन व प्रक्रियेचे काम स्थानिक संस्थेकडे ठेवले. पुढे 2018 मध्ये राज्याने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली. शहरी कचऱ्यापासून झालेल्या खताला राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नावही दिले. द्राक्षबागांच्या ह्या तालुक्यात सेंद्रिय खताला गिऱ्हाईक दूर शोधावे लागत नाही. ओला कचरा घरातच वेगळा ठेवला गेला, तरच ते खत बागेत घालण्याजोगे होते, आणि एवढे काम कोणत्याही सरकारी खात्याला नागरिकांच्या वतीने करता येणार नाही.