दोरी सुटल्यानंतर

सन 1602 च्या शरदात जपानच्या क्योटो नगरीत, इचिजोच्या चव्हाट्यावर, एक फलक उभारण्यात आला. आणि त्यावरचा हुकूम असा होता की, शहरातील यच्चयावत पाळीव मांजरांच्या गळ्यांतील दोऱ्या सोडून त्यांना मोकळे करावे, व मांजरांच्या खरेदी-विक्रीस इतःपर मनाई समजावी. राज्यकर्त्यांनी काढलेल्या जाहीरनाम्यांची दफ्तरे चाळली तर माणसांना, घोड्यांना, क्वचित कुत्र्यांनाही उद्देशून काढलेली फर्माने आढळतात. परंतु मांजराच्या मुक्ततेचे असे रोखठोक शासन दुर्मीळच. पाळलेले मांजर हरवण्याची जी एक विशिष्ट काळजी असते, उंबरठ्यापाशी कान लावून बसायला लावणारी, तिचा जपानातील इतिहास सांगायचा तर तो या फलकापासूनच सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे.

कारण त्यापूर्वीची सहा-सात शतके, निदान बड्या घरांतून, मांजर बांधलेलेच असे. चीनमधून बौद्ध ग्रंथांच्या पेट्या घेऊन येणाऱ्या जहाजांवर उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे आली, असे परंपरा सांगते. ती दुर्मीळ, परदेशी आणि म्हणून मौल्यवान. उदा नावाच्या सम्राटाने 889 साली आपल्या रोजनिशीत, पित्याकडून मिळालेल्या एका शाईसारख्या काळ्या मांजराचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते राज्यकारभाराच्या नोंदींपेक्षा कितीतरी अधिक जिव्हाळ्याचे आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, इचिजो सम्राटाच्या वाड्यात मांजर व्याले तेव्हा, म्हणजे 999 साली, पिल्लांचा जातकर्मविधी मानवी बालकासारखा साजरा झाला आणि त्यांच्यासाठी एक दाईही मुक्रर करण्यात आली. एका दरबारी गृहस्थाने ही हकिकत आपल्या रोजनिशीत काहीशा नापसंतीनेच नमूद केली आहे. याच दरबारातील सेइ शोनागोन या विदुषीने लिहून ठेवले आहे की, दरबारी दर्जा बहाल झालेल्या एका मांजरीच्या अंगावर ओकिनामारो नावाचा कुत्रा धावून गेला, तेव्हा सम्राटाने मांजरीला उराशी घेतले आणि कुत्र्याच्या नशिबी मार व हद्दपारी आली.

अशा मांजराला मोकळे सोडणार कोण? म्हणून दोरी. ‘गेन्जी’च्या सुप्रसिद्ध कादंबरीत याच दोरीने केवढा अनर्थ घडवला आहे! राजकन्येच्या महालातील लहान मांजर दुसऱ्या मांजराला भिऊन बाहेर धावते, त्याची लांब दोरी पडद्यात अडकते, पडदा वर ओढला जातो, आणि अंगणात चेंडू खेळणाऱ्या तरुण सरदाराच्या दृष्टीस जे पडू नये ते पडते. पुढे तो सरदार ती राजकन्या मिळत नाही म्हणून त्या मांजरालाच युक्तीने मिळवून आपल्या घरी नेतो. दोरीने बांधलेले मांजरही या रीतीने जाऊ शकते खरे. पण ते कुठे गेले हे निदान ठाऊक असते.

1602 च्या हुकुमामागचे कारण उघड होते. बांधलेल्या मांजराला उंदीर धरता येत नाही, आणि शहरात उंदीर माजले होते. या प्रकरणावर त्याच सुमारास रचलेली एक मौजेची कथा उपलब्ध आहे. तीत उंदरांचा एक वृद्ध प्रतिनिधी एका भिक्षूच्या स्वप्नात येऊन आपल्या जातीवर कोसळलेल्या संकटाची फिर्याद मांडतो. पाठोपाठ मांजर येते आणि आपण भारत-चीनच्या वाघांचे वंशज असून, जपान हा देश लहान म्हणून आपला आकारही त्या मानाने लहान ठेवण्यात आला, असा खानदानी दावा करते. अखेरीस उंदीर शेजारच्या ओमी प्रांतात, पिकांच्या आश्रयाला, निघून जाण्याचा बेत करतात. उंदरांची बाजू अशी कथेत आली; मांजरवाल्यांची बाजू निशिनोतोइन तोकियोशी नावाच्या दरबाऱ्याच्या रोजनिशीत आली आहे. हुकूम निघाल्यावर दोन-तीन महिन्यांतच मांजरे हरवू लागली, कित्येक कुत्र्यांच्या तोंडी पडली, असा तेथील आशय आहे. धान्य वाचले ते सर्वांचे. जीव टांगणीला लागला तो ज्याचे मांजर त्याचा. पुढे 1685 साली त्सुनायोशी या शोगुनाने आपली स्वारी जात असतानादेखील रस्त्यावरील कुत्री-मांजरे बांधून ठेवण्याचे कारण नाही, अशी ताकीद दिली, आणि दोरीचा जमाना मागे पडला.

मोकळे मांजर जाते कुठे, या प्रश्नाला लोकांनी आपापल्या परीने उत्तरे शोधली. क्यूशू बेटावर आसो पर्वतराजीत नेकोदाके नावाचे एक दातेरी शिखर आहे. वयात आलेली मांजरे तेथे तपश्चर्येला जातात, अशी त्या मुलखातील श्रद्धा. ज्याचे मांजर परतले नाही त्याने ते साधनेत मग्न आहे असे समजावे, यात केवढे सांत्वन आहे! शहरातील उत्तर मात्र निष्ठुर होते. शामिसेन या तंतुवाद्याचे खोड मांजराच्या कातड्याने मढवत, आणि ही गोष्ट प्रत्येक मांजरवाल्याला ठाऊक होती.

उपायांमध्ये सर्वांत विलक्षण उपाय म्हणजे एक कविता. आरिवारा नो युकिहिरा हा नवव्या शतकातील सरदार. 855 साली इनाबा प्रांताच्या सुभेदारीवर त्याची रवानगी झाली. त्याच्या निरोपाच्या पाच ओळींचा भाव एवढाच की, तुम्ही माझी वाट पाहत आहात असे कानी आले तर मी तत्काळ परत येईन. शंभर कवींच्या प्रसिद्ध संग्रहात तिला स्थान मिळाल्यामुळे ती घरोघरी मुखोद्गत झाली, आणि केव्हातरी लोकांनी ती मांजरासाठी योजली. चिठ्ठीवर ती लिहून मांजराच्या जेवणाच्या वाडग्याखाली ठेवायची, किंवा दारावर चिकटवायची. काही ठिकाणी पूर्वार्धच लिहितात आणि उत्तरार्ध मांजर परतल्यावर पुरा करतात. तोक्योच्या निहोनबाशी भागात, होरिदोमे येथे, सान्को इनारी नावाचे एक चिमुकले देवस्थान आहे. हरवलेल्या मांजरासाठी तेथे नवस बोलतात, आणि ते परतले की मांजराच्या लहान मूर्ती आणून वाहतात. आपल्याकडे याच्या नेमके उलट! पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेला बोका दुसऱ्या दिवशी दूध तापवण्याच्या वेळी चुलीपाशी हजर, हीच आपल्या गृहिणींची तक्रार. तो परत यावा म्हणून सुभेदाराचे काव्य वाडग्याखाली ठेवण्याची पाळी आपल्यावर क्वचितच येते.

या सर्व परंपरेचा विसाव्या शतकातील वारस म्हणून उचिदा ह्याक्केन (1889–1971) या निबंधकाराचे नाव घेतले पाहिजे. मांजराच्या तोंडून कादंबरी वदवणाऱ्या नात्सुमे सोसेकीचा हा शिष्य. जर्मन भाषेचा अध्यापक. आणि स्वभावाने असा फटकळ की मांजरासाठी आसवे गाळील असे कोणास वाटू नये. त्याच्या घरी एका भटक्या मांजरीचा नोरा नावाचा बोका आपसूक वाढला, आणि 27 मार्च 1957 रोजी दुपारी अंगणातील झाडीतून जो गेला तो परतला नाही. वर्तमानपत्रांत जाहिराती झाल्या. वर्तमानपत्राच्या घडीत घालून हस्तपत्रके वाटण्यात आली, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. परकीय रहिवाशांसाठी इंग्रजीतही मजकूर छापला. पोलिसांकडे वर्दी गेली. युकिहिराची कविताही अर्थातच सुटली नाही. नोरा न्हाणीघरातील टाकीच्या उबदार झाकणावर निजत असे, म्हणून या गृहस्थाला ते झाकण बघवेना आणि कित्येक दिवस तो स्नानालाच गेला नाही. एका विशिष्ट दुकानातून येणारी अंड्याची वडी नोराला आवडे, म्हणून त्या दुकानाची मागणीही बंद झाली. हे सर्व त्याने दिवसवार लिहून त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यातील शोक अतिरेकी आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतील, आणि मीही पहिल्या वाचनाच्या वेळी त्यांच्यातलाच होतो. परंतु मृत्यूचा शोक एखाद्या दिवशी निवतो, तसा निवायला येथे दिवसच मिळत नाही, ही गोष्ट तो कोठेही न सांगता पानोपानी दाखवतो. अकिरा कुरोसावाने आपल्या अखेरच्या, 1993 सालच्या चित्रपटात हा प्रसंग घेतला तो उगाच नव्हे.

नोराचा शोध चालू असतानाच दुसरा एक बोका, जवळजवळ त्याच रंगाचा पण आखूड शेपटीचा, त्या अंगणात येऊ लागला आणि हळूहळू घरचाच झाला. ह्याक्केनने त्याचे नाव कुरुत्सु ठेवले. 1962 च्या ऑगस्टमध्ये तो आजारी पडून घरातच, मालकाच्या डोळ्यांदेखत वारला. त्याच्यासाठी हस्तपत्रके काढण्याची गरज पडली नाही. नोराविषयी मात्र ह्याक्केन त्यानंतरही लिहीतच राहिला.