मुठीतला श्वास

कोट चढवा आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसा. साल 1952, सप्टेंबर महिना, कोपनहेगनचं ब्लेगडॅम रुग्णालय. तुम्ही वैद्यकीचे विद्यार्थी आहात आणि समोरच्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा श्वास अक्षरशः तुमच्या मुठीत आहे. पोलिओनं त्याच्या छातीचे स्नायू लुळे पडलेत. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आहे, नळीला रबरी पिशवी. पिशवी दाबली की छाती वर येते, सोडली की खाली बसते. त्याला बोलता येत नाही. हवा कमी पडली तर डोळ्यांनी सांगतो. म्हणून नजर हलवायची नाही. दाबा. सोडा. तुमची पाळी संपायला अजून कितीतरी तास आहेत.

महिनाभर आधी आला असतात तर हे स्टूलच इथं नसतं. साथ भरात असताना दिवसाला 50 पर्यंत रुग्ण दाखल होत होते आणि अख्ख्या रुग्णालयात श्वास देणारं मोठं यंत्र, ‘आयर्न लंग’, होतं एक. छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. श्वास अडलेल्या पहिल्या 31 जणांपैकी 27 दगावले. तेव्हा प्रमुख डॉक्टर लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्या काळी भूल देणाऱ्याची हद्द ऑपरेशन थिएटरच्या दाराशी संपे. साथीच्या वॉर्डात त्याला कोण विचारणार? इब्सेननं रक्ताचे अहवाल पाहिले. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत होता. म्हणजे पोलिओ मेंदूत चढल्यामुळे नव्हे, पुरेशी हवा आत-बाहेर होत नसल्यामुळे माणसं जात होती.

27 ऑगस्टला तुम्ही भिंतीला टेकून उभे असता, तर बारा वर्षांची एक निळी पडलेली मुलगी दिसली असती. गळ्यात नळी गेली, पण ती इतकी धडपडत होती की हवा आत शिरेना. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून निघून गेले. इब्सेननं तिला पेंटोथाल हे भुलीचं औषध देऊन शांत केलं, तिचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि मग पिशवी दाबली. मंडळी परतली तेव्हा तिचा रंग पालटला होता.

इथवरची गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात सगळे सांगतात. मला मोठं वाटतं ते त्यानंतरचं हजेरीपत्रक. ऐन भरात एका वेळी 70 रुग्णांना हातानं श्वास द्यावा लागत होता, रात्रंदिवस. त्यासाठी वैद्यक आणि दंतवैद्यकाचे सुमारे 1,500 विद्यार्थी बोलावले गेले. त्यांना शिकवणारं कोणी होतं, पाळ्या लावणारं होतं, मोबदला होता. तुम्ही पिशवी पुरेशी दाबताय की नाही, हे पोल आस्ट्रुप यांची प्रयोगशाळा रक्त तपासून सांगत होती. मिळून 1,65,000 तास हात चालले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेननं कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग सुरू केला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात.

आता उठा, तुमची बदली आली आहे. उठताना एक लक्षात घ्या: तशीच, पण आपोआप फुगणारी पिशवी 1956 मध्ये डेन्मार्कमधूनच बाजारात आली, ‘अंबू बॅग’. ती आपल्याकडे प्रत्येक कॅज्युअल्टीत असते. सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर रिकामा नसला, तर ती कितीदा तरी नातेवाइकाच्या हाती येते आणि आई नाहीतर भाऊ रात्रभर दाबत बसतात. त्यांना कोणी धड शिकवलेलं नसतं, रक्त वेळोवेळी तपासलं जाईलच असं नसतं, आणि त्यांची बदली येत नाही. पुढच्या साथीत ‘इतके व्हेंटिलेटर घेतले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा ते चालवायला माणसं किती नेमली, हे आधी विचारा.