दाराबाहेरचे सोबती

श्रीमंत माणूस आणि लाझरस यांचा दृष्टांत आम्ही बालपणापासून ऐकत आलो आहोत. मेजावरून पडलेल्या तुकड्यांची आस धरून दारात पडून राहिलेला, अंगभर फोड आलेला लाझरस आणि त्याच्याजवळ जाणारी केवळ कुत्री! या दृष्टांतावरील प्रवचनात श्रीमंताच्या निष्ठुरतेविषयी पुष्कळ सांगितले जाते. कुत्र्यांचा उल्लेख ओझरताच होतो. तोबितच्या पुस्तकातही तरुण तोबिया देवदूताच्या सोबतीने दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्रा त्यांच्यामागून चालू लागतो. संत रोक यांची कथा तर सर्वपरिचित आहे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता ते स्वतःच त्या रोगाने ग्रासले गेले आणि रानात एकाकी पडले, तेव्हा एक कुत्रा तोंडात भाकर धरून रोज त्यांच्याकडे येत असे, असे परंपरा सांगते. म्हणूनच संत रोक यांच्या मूर्तीच्या पायाशी कुत्रा असतो. १६ ऑगस्टला त्यांच्या सणाच्या दिवशी आम्ही त्या मूर्तीला फुले वाहतो आणि मिस्सा संपल्यावर फाटकाजवळच्या जिवंत कुत्र्यावर दगड उगारतो.

परंतु दगड उचलणारा प्रत्येक हात क्रूर असतो, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पहाटेच्या मिस्सेला एकट्या निघालेल्या आजींना आणि शाळेच्या वाटेवरील लेकरांना वाटणारी भीती खरी आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे मृत्यू, हे आमच्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिले होते. भीती आणि भूतदया यांचा हा झगडा मुंबईत जवळजवळ दोनशे वर्षे चालू आहे. त्यातून आम्ही काय शिकलो आणि काय शिकायचे राहिले, हे तपासणे अगत्याचे आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत, १८१३ सालापासून, वर्षातील ठरावीक दिवसांत मुंबईतील मोकाट कुत्री मारण्याचा नियम अमलात होता. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आण्यांच्या लोभाने शिपायांनी मोकाट आणि पाळीव असा भेद ठेवला नाही. घरांत शिरून कुत्री ओढून नेली जाऊ लागली, अशी तक्रार झाली. पारशी समाजाला हा घाव विशेष लागला. जरथुष्ट्री धर्मात कुत्रा पवित्र मानला जातो. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी यासाठी ‘सगदीद’ हा विधी केला जातो. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोट भागात जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवण्यात आली. या बंदात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले होते. अखेर लष्कर बोलवावे लागले. दंगलखोरांना शिक्षा झाल्या. पण सरकारलाही पाऊल मागे घ्यावे लागले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवण्याचा मार्ग पुढे आला.

या प्रकरणाचे विधायक फळ दोन वर्षांनी आले. १८३४ साली सर जमशेदजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीशाह यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. भटक्या, जखमी आणि वृद्ध जनावरांना तेथे आसरा मिळू लागला. पुढे १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले. तेथे आजही जनावरांवर उपचार होतात. कुत्र्यांच्या प्रश्नावरून दगडफेक झालेल्या शहराने पन्नास वर्षांत प्राण्यांसाठी आसरा आणि दवाखाना उभारला, ही या नगरीच्या लौकिकात भर घालणारी गोष्ट होय.

मात्र १८३२ च्या दंडाधिकाऱ्यांचीही एक बाजू होती. त्या काळी रेबीजवर जगात कोठेही उपाय नव्हता. तो मिळाला ६ जुलै १८८५ रोजी. त्या दिवशी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचण्यात आली आणि मुलगा वाचला. त्या दिवसापासून कुत्र्याला मारणे हाच एकमेव मार्ग राहिला नव्हता. तरीही आमच्या शहरांनी जुनाच मार्ग धरून ठेवला. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईत दर वर्षी हजारो कुत्री पकडून विजेच्या धक्क्याने मारली जात होती.

एवढे मारूनही रस्ते रिकामे झाले नाहीत. जोवर गल्लीत उघडा कचरा पडून आहे, तोवर कुत्र्यांना तेथे अन्न मिळत राहते. एक टोळी नाहीशी झाली की मोकळ्या जागी दुसरी येते आणि उरलेल्या माद्या पुन्हा वितात. नव्याने आलेल्या कुत्र्यांना लसही टोचलेली नसते. म्हणजे मारण्याने क्रूरता घडतेच, शिवाय मूळ भीतीही तशीच राहते. हे उमगल्यावर १९९४ साली मुंबई महापालिकेने सरसकट हत्या थांबवली आणि निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला. १९९८ साली उच्च न्यायालयाने त्यासंबंधी निर्देश दिले. २००१ साली केंद्र सरकारने देशभरासाठी नियम केले. कुत्री पकडावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे आणि पूर्वीच्याच जागी सोडावीत, हे त्यांचे सूत्र होते. २०२३ च्या नव्या नियमांनी तेच सूत्र कायम ठेवले. भटक्या प्राण्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून व जिन्यांपासून दूर असाव्यात, असेही त्यांत सांगितले.

हा मार्ग मनापासून अनुसरल्यास काय साधते, हे गोव्याने दाखवले. तेथे २०१४ पासून राज्य सरकार व स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी मिळून गावोगावी कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालवली. पुढे वर्षाला जवळजवळ एक लाख कुत्र्यांपर्यंत लस पोहोचू लागली. शाळाशाळांतून मुलांना दंश कसा टाळावा आणि झाल्यास काय करावे, हे शिकवण्यात आले. २०१८ पासून सलग काही वर्षे तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्याला टोचलेल्या सुईने माणसाचे लेकरू वाचले, हा त्याचा सरळ अर्थ.

तरीही वाद शमलेला नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री आश्रयस्थानांत हलवण्याचा आदेश दिला. ११ दिवसांनी त्यात बदल झाला. पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळून इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे ठरले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलवण्याचा आणखी एक आदेश निघाला. १८३२ च्या जूनमधला प्रश्न अशा रीतीने पुन्हा दारात उभा राहिला.

या वादात ख्रिस्तसभेची शिकवण आम्हांस समतोल वाट दाखवते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही. जो पैसा प्राधान्याने माणसाच्या दुःखनिवारणासाठी खर्च व्हावयास हवा तो प्राण्यांवर उधळू नये, असेही तोच ग्रंथ बजावतो. लसीकरणात या दोन्ही आज्ञांचे पालन होते, कारण भटक्या कुत्र्याचा दंश प्रथम होतो तो पायी चालणाऱ्या, उघड्यावर झोपणाऱ्या गरिबालाच. लिमा येथील संत मार्टिन डी पोरेस (१५७९–१६३९) यांच्या जीवनात या दोन दयांमध्ये कधी भांडण झाले नाही. डोमिनिकन मठात रोग्यांची शुश्रूषा करणारे हे बंधू दारोदार भटकणाऱ्या कुत्र्यामांजरांनाही बरे करीत आणि आपल्या बहिणीच्या घरी त्यांना आसरा देत. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आमच्या धर्मग्रामांना हे अवघड नाही. घरच्या कुत्र्याला दर वर्षी लस टोचावी. मांजर असो वा कुत्रा, पिल्ले नको असतील तर वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. डोळे न उघडलेली पिल्ले पोत्यात भरून मासळी बाजारात वा चर्चच्या आवारात सोडून येणे हे पाप आहे, असे स्पष्टपणे म्हणावयास आम्हांस संकोच वाटू नये. सणाच्या जेवणावळीनंतर उष्टे उघड्यावर टाकू नये. दंश झाल्यास जखमेवर हळद, चुना वा तिखट न लावता ती साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना एवढे शिकवले तरी पुष्कळ झाले. वर्षातून एकदा चर्चच्या पटांगणात पशुवैद्याला बोलावून लसीकरण ठेवता येईल. त्यासाठी संत रोक यांच्या सणासारखा दुसरा मुहूर्त नाही.

तोबियाचा प्रवास सुफळ झाला. पित्याच्या डोळ्यांसाठी औषध घेऊन तो परतला, तेव्हा तो कुत्राही मागोमाग घरी आला. पवित्र शास्त्राने त्याचे नाव सांगितले नाही. पण त्याला वाटेत सोडूनही दिले नाही.