वाऱ्यावर तोललेली गाडी

'व्होल्वो' हे एका स्वीडिश कंपनीचं नाव आहे, हे आमच्या कागलमध्ये निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. आमच्यासाठी व्होल्वो म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेवरून रात्री सूंऽऽ करत जाणारी, काचा न उघडणारी बस. झेरॉक्स, डालडा यांच्या रांगेत बसलेला शब्द. पण या बसने आपल्याकडे काय बदललं असं विचारलं तर लोक एसी सांगतील, पुशबॅक सीट सांगतील. माझं उत्तर वेगळं आहे. तिने आपल्याला वाऱ्यावर बसवलं. अक्षरशः.

म्हणून या वीकएंडचा विषय: एअर सस्पेन्शन आणि ते जिवंत ठेवणारा कॉम्प्रेसर. विषय जरा ग्रीसने माखलेला आहे, सांभाळून घ्या :-)

आधी पाटे. आपल्या एसटीच्या चाकावर जे लोखंडी पट्ट्यांचं धनुष्य असतं, ते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढची कित्येक दशकं महाराष्ट्र पाट्यांवर बसूनच हिंडला. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर 'एशियाड' आली, सीटं मऊ झाली, पण खाली पाटे ते पाटेच.

पाट्याचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: त्याला भार मोजता येत नाही. पन्नास माणसं, वर टपावर पोती, एवढं पेलायचं म्हणून तो कडक बनवायचा. मग दुपारच्या रिकाम्या फेरीला तोच पाटा मागच्या सीटवरच्या माणसाला छतापर्यंत पोचवतो. भरलेली एसटी झुलते आणि रिकामी आपटते, त्याचं कारण हे. ड्रायव्हरला शिव्या देऊन उपयोग नाही.

हवेचं तसं नाही. रबरी पिशवीत कोंडलेली हवा जितकी दाबाल तितकी ती कडक होत जाते. माणसं चढली, बस खाली बसायला लागली की एक छोटा व्हॉल्व्ह आणखी हवा आत सोडतो, बस पुन्हा पहिल्या उंचीवर. माणसं उतरली की जादा हवा बाहेर. म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा भाराप्रमाणे आपोआप बदलतो आणि रिकामी काय, भरलेली काय, बस साधारण एकाच लयीत डुलते. इंग्रजीत या पिशवीला लोहाराच्या भात्याचंच नाव आहे. आमच्याकडचे मेकॅनिक मात्र सरळ 'फुगा' म्हणतात.

कल्पना जुनी आहे. १९०१ साली विल्यम हम्फ्रीज नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत हवेच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. १९३० च्या दशकात फायरस्टोनने रबरी भात्यांवर काम केलं. १९५० च्या दशकात जनरल मोटर्सने बसला हवेवर बसवलं. १९५४ ची ग्रेहाउंडची 'सीनिक्रूझर' ही त्यातली सगळ्यात गाजलेली. ती चालली. मग कंपनीला वाटलं, बसला जमतं तर कारला का नाही? १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम, किंमत १३ हजार डॉलरच्या वर, चारही चाकं हवेवर. पाठोपाठ १९५८ मध्ये शेव्हरोलेसारख्या साध्या गाड्यांनाही हा पर्याय देऊन टाकला. आणि सगळं फसलं. हवा गळायची, पाइपांत पाणी साचायचं, सकाळी गाडी अंगणात पोट टेकून बसलेली. दोन-तीन वर्षांत प्रकरण गुंडाळलं गेलं. कित्येक मालकांनी एवढ्या महागाच्या कॅडिलॅकमधून हवा काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या!

मला या सगळ्यात खरा रस इथे आहे. तंत्र तेच, शहाणी माणसं तीच, मग बसला जमलं आणि कारला का नाही?

माझं मत: बसकडे हवा आधीपासून होती. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचं पेटंट घेतलं, पुढे मोठ्या ट्रक-बसना तो ब्रेक लागला. त्यामुळे बसच्या इंजिनावर चांगला दणकट, तेल पिणारा, थंड राहणारा कॉम्प्रेसर होताच, सोबत मोठ्या टाक्या. ब्रेकमधली थोडी हवा सस्पेन्शनला दिली की झालं. एखाद्या फुग्याला बारीक भोक पडलं तरी कॉम्प्रेसर पुरून उरतो. शिवाय रोज डेपोत माणूस असतो, टाकीखालची कडी ओढून साचलेलं पाणी सोडणारा. कारमध्ये यातलं काहीच नाही. तिथे फक्त सस्पेन्शनसाठी एक वेगळा नाजूक संसार मांडावा लागतो.

मर्सिडीजने १९६१ मध्ये ३०० एसई हवेवर बसवली, आणि लिंकनने १९८४ च्या मार्क सेव्हनला सेन्सर, कॉम्प्युटर आणि विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर दिला. आजच्या बहुतेक महागड्या एसयूव्हींचा नमुना हाच. (सिट्रोएनने १९५५ मध्ये तेल आणि वायू मिळून वेगळीच वाट काढली होती, पण तो एका स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.)

आपल्याकडे हे सगळं २००१ नंतर आलं. बेंगळुरूजवळच्या होसकोट्याला व्होल्वोचे ट्रक १९९८ पासून बनत होते; २००१ मध्ये बी७आर ही बस आली. त्याच दशकात हायवे चौपदरी झाला, सुवर्ण चतुष्कोनातला सातारा ते कागल हा सुमारे १३३ किलोमीटरचा तुकडा रस्ते विकास महामंडळाने केला. दूधगंगा ओलांडून महाराष्ट्रात शिरणाऱ्या गाडीला पहिलं गाव लागतं ते कागल. रस्ता आणि बस जोडीने आले हे आपलं नशीब. जुन्या दुपदरी एनएच-४ वर (आताचा एनएच-४८) ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे ती व्होल्वो काय करणार होती!

आणि मग पंधरा-वीस वर्षांनी दुसरी लाट आली: मुंबई-पुण्यात पाच-सात वर्षं वापरून विकलेल्या जर्मन एसयूव्ही. आमच्या भागात अशा सेकंडहँड गाड्यांची हौस दांडगी. शोरूमच्या किमतीच्या चौथाईत गाडी मिळते. मात्र दुरुस्तीची किंमत शोरूमचीच राहते, ती काही चौथाई होत नाही.

माझ्या आतेभावाचं कागलला सर्व्हिस रोडवर गॅरेज आहे. मी त्याला दादा म्हणतो. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्याकडे अशी एक गाडी आली, उजव्या मागच्या कोपऱ्यावर लंगडत. मालक निपाणीकडचे, तंबाखूचे व्यापारी. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपने वर्षभरापूर्वी आख्खा कॉम्प्रेसर बदलून दिला होता, लाखाच्या आसपास बिल. आता तोही गेला. पुन्हा तेवढेच पैसे घालायचे, का कॅडिलॅकवाल्यांसारखं हवा काढून कॉइल टाकायच्या, एवढाच त्यांचा प्रश्न.

दादा म्हणाला, "कॉम्प्रेसर बदलू की साहेब, पण आधी वारं कुठनं जातंय ते तरी बघू द्या!"

आम्ही आयटीवाले ज्याला रूट कॉज म्हणतो ते हेच. सर्व्हर पडतो म्हणून रीस्टार्ट मारत बसायचं, आणि खाली मेमरी लीक तशीच. इथे तर खरोखरचा लीक :-) स्कॅनरने सांगितलं की कॉम्प्रेसर तापून बंद पडतोय. ते खरंच होतं, पण अर्धं. का तापतोय हे स्कॅनर सांगत नाही.

दादाने काय केलं ते नीट लिहितो, कारण मला ते आवडलं. पहिल्या संध्याकाळी गाडी उंचावून चारही चाकांच्या वर मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने माप घेतलं आणि खडूने लिहून ठेवलं. सकाळी पुन्हा माप. तीन कोपरे जागेवर, उजवा मागचा चार बोटं खाली. म्हणजे संशयित एक. चारही सारखे बसले असते किंवा मागचे दोन्ही बसले असते तर आधी व्हॉल्व्ह ब्लॉक आणि पाइपांकडे बघावं लागलं असतं. मग गाडी जॅकवर न ठेवता पक्क्या लोखंडी स्टँडवर घेतली. (फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली तो डोकंच काय, हातही घालू देत नाही. फुगा अचानक बसला तर दोन टन अंगावर.) आणि साबणाचं पाणी. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो त्याच न्यायाने. आधी काहीच दिसेना. गाडी थोडी वर-खाली करून बघितल्यावर एका विशिष्ट उंचीला, जिथे रबराची घडी पडते तिथे, मोहरीएवढे बुडबुडे. घडीतली चीर घडी उलगडली की मिटते, त्यामुळे पूर्ण उंचीवर तपासणाऱ्याला ती सापडत नाही.

आता कॉम्प्रेसर. मध्ये फ्यूज टाकून बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट दिले, तोंडाला गेज लावला. मोटर फिरते, आवाज करते, पण दाब पाच-सहा बारच्या वर चढत नाही. धडधाकट कॉम्प्रेसर १५-१६ पर्यंत जातो. म्हणजे मोटर जिवंत, पिस्टनची रिंग गेलेली. या छोट्या कॉम्प्रेसरमध्ये तेल नसतं, टेफ्लॉनसारख्या पदार्थाची कोरडी रिंग असते आणि तो एका दमात काही मिनिटंच चालावा अशी रचना असते. रोज रात्री गळणारी गाडी त्याला दिवसभर पळवते. रिंग झिजते, दाब कमी होतो, म्हणून आणखी पळतो, आणखी तापतो.

पण यात एक दुसरी गोम आहे, ती मला दादाकडून कळली. कॉम्प्रेसरच्या पुढे एक ड्रायर असतो, आत सिलिका जेलचे दाणे, बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असतात तेच. आत जाणारी हवा तिथे ओल सोडून जाते. आणि गाडी खाली घेताना तीच सुकी हवा ड्रायरमधूनच उलटी बाहेर पडते, जाताना ती ओल परत घेऊन जाते. म्हणजे दाणे आपोआप सुकतात. किती सुंदर डिझाइन! पण हवा जर फुग्याच्या चिरेतूनच पळाली, तर ती ड्रायरकडे परत येतच नाही. दाणे ओले ते ओलेच, त्यात कोल्हापूरचा पाऊस. उघडून बघितलं तर दाण्यांचं पीठ झालं होतं आणि ते बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसलं होतं. एक चीर कॉम्प्रेसरला दोन बाजूंनी मारते: जास्त पळवून आणि ओला ठेवून. नवा कॉम्प्रेसर वर्षात का गेला, याचं उत्तर मिळालं.

सिलिंडरवरून नख फिरवून बघितलं, चरा लागला नाही; लागला असता तर नवी रिंग घालणं फुकट होतं. रिंग बदलली, दाणे बदलले, व्हॉल्व्ह साफ केला, सगळ्या ओ-रिंगा नव्या. फुगा नवा मागवला. रिले मात्र दिसायला ठीक होता तरी दादाने बदलायला लावला. त्याचे पॉइंट तापून चिकटले तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि सगळी मेहनत एका रात्रीत जळते. शेवटी स्कॅनरने चारही उंच्या पुन्हा शिकवल्या. सगळं मिळून खर्च नव्या कॉम्प्रेसरच्या निम्म्याहून कमी, त्यातला मोठा वाटा फुग्याचा.

कॉइल टाकायचा प्रश्न निघाला तेव्हा दादा म्हणाला, "गाडी हवेसाठीच घेतलीय न्हवं?" मला ते पटतं, पण पूर्ण नाही. दादासारखा माणूस जवळ नसेल तर १९५८ च्या त्या कॅडिलॅकवाल्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. हे सुटे भाग आणि ही माहिती बाहेरच्या गॅरेजला सहज मिळाली तरच हवा टिकते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. सर्व्हिस रोडवर त्याचा परिणाम अजून मला तरी दिसलेला नाही; रिंगचं किट दादाने ओळखीतूनच मिळवलं.

आता एक गंमत. १ जून २०२२ ला एसटीची 'शिवाई' ही इलेक्ट्रिक बस पहिल्यांदा धावली, मार्ग तोच, पुणे-अहमदनगर. इलेक्ट्रिक बसला इंजिन नाही. म्हणजे १९५० च्या दशकापासून बसला वाचवणारा इंजिनावरचा तो फुकटचा कॉम्प्रेसरही नाही. ब्रेकला हवा तर हवीच, म्हणून अशा बसमध्ये विजेवर चालणारा वेगळा कॉम्प्रेसर बसवतात. तो कारमधल्यापेक्षा बराच मोठा आणि दणकट असतो, पण मोटर, ड्रायर, रिले, गळती हा हिशोब तोच. दादाला हे सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "ड्रायर उघडता येतोय काय त्याचा?"