स्टँडर्ड नोट्स

स्टँडर्ड नोट्स हे टिपणे लिहिण्यासाठी व ती एकाहून अधिक उपकरणांवर जुळवून ठेवण्यासाठी वापरले जाणारे मुक्त स्रोत ॲप आहे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय. मो बिटार हे त्याचे संस्थापक असून एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन या कंपनीने ते आपल्याकडे घेतले.

एन्क्रिप्शनची रचना

टिपण सर्व्हरकडे पाठवण्यापूर्वी वापरकर्त्याच्या उपकरणावरच कूटबद्ध होते. यासाठी एक्सचाचा२०-पॉली१३०५ ही पद्धत वापरली जाते, तर पासवर्डपासून किल्ली तयार करण्यासाठी आर्गॉन२ वापरले जाते. ही किल्ली सर्व्हरकडे नसते. त्यामुळे कंपनीला टिपणांचा मजकूर वाचता येत नाही आणि विसरलेला पासवर्ड नव्याने देऊन जुनी टिपणे उघडूनही देता येत नाहीत. मात्र खात्याचा ईमेल पत्ता, टिपण केव्हा तयार झाले व केव्हा बदलले यांसारखी माहिती सर्व्हरला कळू शकते.

मालकीतील बदल

प्रोटॉनची स्थापना २०१४ मध्ये, जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत परिचय झालेल्या शास्त्रज्ञांनी केली. प्रोटॉन मेल ही तिची सर्वाधिक परिचित सेवा आहे. स्टँडर्ड नोट्स मुक्त स्रोतच राहील आणि चालू वर्गण्या पाळल्या जातील, असे प्रोटॉनने हस्तांतरणाच्या वेळी जाहीर केले. जून २०२४ मध्ये ना-नफा तत्त्वावरील प्रोटॉन फाउंडेशन ही कंपनीची प्रमुख भागधारक असल्याचे घोषित करण्यात आले.

विश्वासार्हतेचा प्रश्न

मालक बदलला तरी आधी कूटबद्ध केलेला मजकूर नव्या मालकाला आपोआप वाचता येत नाही. कारण किल्ली हस्तांतरित होत नाही. परंतु ॲपच्या पुढील आवृत्त्या नवा मालकच प्रसिद्ध करतो. एखाद्या आवृत्तीत पासवर्ड किंवा किल्ली बाहेर पाठवणारा बदल केला गेल्यास एन्क्रिप्शन निरुपयोगी ठरेल. ब्राउझरमधील आवृत्तीत हा धोका अधिक असतो, कारण तिचा कोड सर्व्हरकडून येतो. म्हणून स्रोत कोड खुला असणे, त्याचे स्वतंत्र परीक्षण होणे आणि प्रसिद्ध झालेली आवृत्ती त्याच कोडपासून बनल्याची पडताळणी करता येणे, या तिन्ही बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात.

सेवा चालू राहील की नाही, हा प्रश्न एन्क्रिप्शनने सुटत नाही. ईमेल व कूटबद्ध दस्तऐवजांची सेवा देणारी स्किफ ही कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशनने विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सेवा बंद झाली. वापरकर्त्यांना आपली माहिती हलवण्यासाठी सुमारे सहा महिने मिळाले.

स्टँडर्ड नोट्समध्ये टिपणांची प्रत कूटबद्ध किंवा साध्या स्वरूपात उतरवून घेता येते. तसेच त्याचा सर्व्हर वापरकर्त्याला स्वतःच्या संगणकावर चालवता येतो. साध्या स्वरूपातील प्रत कोणालाही वाचता येत असल्याने ती सुरक्षित जागी ठेवणे आवश्यक असते.